गिटारच्या रोझेटमध्ये शिंपल्याचे जडावकाम

अकूस्टिक गिटारच्या ध्वनिछिद्राभोवती नक्षीचे जे कडे असते, त्याला रोझेट म्हणतात. अमेरिकेतील नाझरेथ गावच्या मार्टिन कंपनीने 1933 मध्ये गायक जीन ऑट्री यांच्यासाठी डी-45 या मॉडेलची पहिली गिटार घडवली. तिच्यावर दिसणारी, काळ्या-पांढऱ्या बारीक पट्ट्यांच्या मधोमध ॲबलोनी या रंगीत झळाळीच्या सागरी शिंपल्याचे एकच कडे ही मांडणी नवशिक्याने आधी हाती घ्यावी. तिच्यात फुलापानांचे आकार कापायचे नसतात, पण सांधे मात्र नेमके जुळावे लागतात. महागडा शिंपलाही सैल खाचेत बसवला की स्वस्त दिसतो.

या कामासाठी न्यूझीलंडच्या पावा जातीच्या ॲबलोनीचे, सुमारे दीड मि.मी. जाडीचे घासून सपाट केलेले तुकडे विकत मिळतात. गोव्यातील जुन्या घरांच्या खिडक्यांना तावदाने म्हणून लावलेला शिंपला पाहून तो वापरण्याचा मोह होऊ शकतो. परंतु तो पापुद्र्यांनी सुटतो आणि त्याच्यात ॲबलोनीसारखी रंगांची झळाळीही नसते, तेव्हा त्याच्या वाटेला जाऊ नये.

आता मापे ठरवू. ध्वनिछिद्राचा व्यास 100 मि.मी. धरला, शिंपल्याचे कडे 4 मि.मी. रुंद ठेवले आणि त्याच्या दोन्ही अंगांना दीड-दीड मि.मी.च्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या घेतल्या, तर 7 मि.मी. रुंदीची खाच लागते. ती छिद्राच्या काठापासून साडेचार मि.मी. दूर ठेवली, तर तिचा आतला व्यास 109 आणि बाहेरचा 123 मि.मी. येतो. कड्याच्या मध्यरेषेचा घेर 364 मि.मी.च्या आसपास भरतो, म्हणजे 20 अंशांचा एक याप्रमाणे 18 तुकडे. पण फिंगरबोर्डचे (तारा जिच्यावर दाबतात त्या पट्टीचे) टोक या कड्यावर येत असल्याने दोन तुकडे पूर्ण झाकले जातात. तिथे शिंपल्याऐवजी साधे लाकूड भरले तरी चालते, आणि पट्ट्यांची टोके जिथे मिळतात तो सांधाही तिथेच घ्यावा.

गिटारच्या दर्शनी भागाची, स्प्रूस या मऊ लाकडाची फळी या टप्प्यावर थोडी जाड, साधारण 3.2 मि.मी. ठेवावी. छिद्राच्या केंद्रावर खुंटी बसवून तिच्याभोवती फिरणाऱ्या वर्तुळकापणीच्या पात्याने दोन्ही व्यासांवर आधी चिरा पाडाव्यात आणि मगच राउटरने (फिरत्या पात्याने लाकूड कोरणाऱ्या यंत्राने) मधले लाकूड 1.4 मि.मी. खोल काढावे. या चिरा टाळल्या तर वर्तुळात जिथे राउटर लाकडाच्या रेषांच्या उलट चालतो, तिथे मऊ स्प्रूसची कड तंतूंसह उचकटते. खाच तयार झाल्यावर तिच्या भिंतींना शेलॅकचा (लाखेच्या रोगणाचा) पातळ हात द्यावा, नाहीतर पुढे सायनोॲक्रिलेट हा झटपट चिकटणारा सरस लाकडात झिरपून पिवळट डाग पडतात आणि ते घासूनही जात नाहीत. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी हे काम भर पावसाळ्यात करू नये: लाकूड दमट हवेत आडवे फुगते आणि पुढे आक्रसते, शिंपला मात्र जागचा हलत नाही.

खाचेत शिंपला लगेच भरायचा नसतो. दोन्ही अंगांना पट्ट्या आणि मध्ये शिंपल्याच्या रुंदीची टेफ्लॉनची पट्टी बसवून, पातळ सायनोॲक्रिलेट सोडून सर्व पक्के होऊ द्यावे. टेफ्लॉनला सरस धरत नाही, त्यामुळे नंतर ती पट्टी ओढून काढली की मागे स्वच्छ, एकसारखी खाच उरते.

तुकडे निवडताना शिंपला पाण्यात बुडवून पाहावा. पॉलिशखाली त्याचा रंग कसा दिसेल ते तेव्हाच कळते. शेजारच्या तुकड्यांतील लाटा एका दिशेने वाहत्या ठेवाव्यात. कागदावर आखलेले चाप शिंपल्यावर चिकटवून सोनाराच्या बारीक करवतीने रेषेच्या किंचित बाहेरून कापावे आणि कानशीने रेषेपर्यंत यावे. टोकांचे काप बरोबर केंद्राकडे रोखलेले हवेत, नाहीतर सांध्यात पाचरीसारखी फट राहते आणि ती भरली तरी डोळ्यांना खुपते. शिंपल्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. चांगला धूळरोधक मुखवटा आणि धूळ ओढणारे यंत्र यांशिवाय करवत हाती घेऊ नये, नुसता रुमाल बांधून भागत नाही.

सगळे तुकडे कोरडेच बसवून पाहावेत आणि मगच सरस सोडावा. राहिलेल्या केसाएवढ्या फटींत शिंपल्याचीच धूळ सरसात कालवून भरावी.

सपाटीकरणाला घाई करू नये. शिंपला कठीण आणि स्प्रूस मऊ असल्याने बोटांनी दाबून घासले तर भोवतीचे लाकूड खाली जाते आणि कडे उंचवट्यासारखे उभे राहते. सपाट, कडक ठोकळ्यावर 150 नंबरचा पॉलिश पेपर लावून लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच घासावे, मधूनमधून पोलादी पट्टी टेकवून उजेडाकडे पाहावे, आणि कडे समपातळीत आले की थांबावे, कारण शिंपल्यातील रंगाचा थर काही ठिकाणी फारच पातळ असतो. पट्ट्यांची काळी धूळ पांढऱ्या लाकडात रुतू नये म्हणून ती ब्रशने सतत झटकत राहावी.

ध्वनिछिद्र सर्वांत शेवटी कापावे. ते आधी कापले तर खुंटीचे केंद्रच जाते.