वेगवान प्लॅटफॉर्मरची लेव्हल: खड्डा किती रुंद ठेवायचा?

प्लॅटफॉर्मर म्हणजे धावत, खड्ड्यांवरून उड्या मारत पुढे जायचा गेम. तो बनवताना वेग, उडी आणि गुरुत्वाकर्षणाचे आकडे एकाच फाइलमध्ये ठेवा आणि ती फाइल एकाच्याच ताब्यात द्या. गेम जमा करायच्या आदल्या रात्री कुणीतरी 'उडी जरा वाढवली' की सगळ्या लेव्हल पुन्हा तपासाव्या लागतात. जळगाव असो की धुळे, चार जणांच्या टीममध्ये हे हमखास होतं.

समजा, टाइल, म्हणजे लेव्हल ज्या चौकोनांनी बनते त्यातला एक, १६ पिक्सेलची. धावण्याचा वेग सेकंदाला ३२० पिक्सेल, उडीचा सुरुवातीचा वेग ४८०, गुरुत्वाकर्षण १६०० (पिक्सेल प्रति सेकंद वर्ग). मग उडीची उंची ७२ पिक्सेल, म्हणजे साडेचार टाइल. पात्र ०.६ सेकंद हवेत राहतं आणि तेवढ्यात १९२ पिक्सेल, म्हणजे १२ टाइल पुढे जातं.

"१२ जातो ना भो, मग खड्डा १२ चाच ठेव." हा सल्ला कचऱ्यात टाका. १२ टाइल मिळतात त्या अगदी कडेवरून उडी घेतली तर. या वेगात बटण ०.१ सेकंद लवकर दाबलं गेलं तरी २ टाइल जातात. म्हणून नेहमीचा खड्डा ७-८ टाइलचा, अवघड म्हणून ठेवलेला १० चा, त्यापुढे नाहीच. कड सोडल्यावरही ०.१ सेकंदापर्यंत उडी मान्य करा. खेळणाऱ्याला ही सवलत कळत नाही, पण नसली की तो कीबोर्डला शिव्या देतो.

पलीकडची कड वर असेल तर हिशोब पुन्हा मांडा. ३ टाइल उंच कडेवर पोचताना पल्ला १२ वरून जेमतेम साडेनऊवर येतो. म्हणजे सपाटीवर सोपा असलेला ८ चा खड्डा इथे जीवघेणा. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून ही चूक शेवटपर्यंत लपून राहते.

भुसावळच्या रेल्वे यार्डाची थीम घेतलीत तर डब्यांमधली फट हाच खड्डा. पुढच्या डब्याचं छप्पर निदान १० टाइल लांब हवं. म्हणजे उतरून पुढचं पाहायला अर्धा सेकंद मिळतो. वर रेल्वेची २५ केव्हीची विजेची तार आडवी टाकायची असेल तर आधी बटण लवकर सोडून घेतलेली छोटी उडी शिकवा, मग तार.

दिसण्याचंही गणित आहे. ६४० पिक्सेलच्या पडद्यावर पात्र मधोमध असेल तर पुढचं फक्त १ सेकंद आधी दिसतं. ते डावीकडून एक तृतीयांशावर ठेवा, सव्वा सेकंदाहून थोडं जास्त मिळतं. पात्र वळलं की कॅमेरा झटक्यात फिरवू नका, हळू सरकवा.

केळीची पानं, सातपुड्याची रांग, रंग वगैरे सगळं नंतर. आधी राखाडी चौकोनांत खेळून बघा.

प्रत्येक लेव्हलची फाइल वेगळी. एकच फाइल दोघांनी बदलली की गिटमध्ये, म्हणजे सगळ्यांचे बदल एकत्र जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, गुंता ठरलेला.

चाचणीला टीमबाहेरची पोरं बसवा आणि तोंड बंद ठेवा. एकाच खड्ड्यात तिघं पडले तर तो २ टाइल कमी करा, "सवय होईल" म्हणू नका.