पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर घरी : मदत कशी मागावी, कशी करावी

पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया आता बहुतेक वेळा दुर्बिणीद्वारे होते. पोटावर साधारणपणे चार लहान छेद घेतले जातात, रुग्ण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी येतो आणि पाहणाऱ्याला चार पट्ट्यांपलीकडे काही दिसत नाही. जखमा एवढ्याशा दिसतात म्हणून रुग्णाला मदत मागायचा संकोच वाटतो आणि मित्रमंडळीही दोन दिवसांत सगळे सुरळीत होईल असे धरून चालतात. प्रत्यक्षात त्या छेदांमधून यकृताला चिकटलेला एक अवयव सोडवून बाहेर काढलेला असतो. नेहमीच्या कामाला लागायला दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर साधारण १ ते २ आठवडे लागतात. पोट उघडून शस्त्रक्रिया झाली असेल, तर ६ ते ८ आठवडे धरावे लागतात. या काळात कोणती मदत कधी लागते, हे आधीच ठरवून ठेवले तर रुग्णाचा त्रास पुष्कळ कमी होतो.

शस्त्रक्रियेच्या आधीची तयारी

बातमी कळल्यावर बहुतेक जण ‘काही लागले तर सांग’ असे म्हणतात आणि ते मनापासूनच म्हणतात. पण दुखत असताना, औषधाच्या गुंगीत, कोणाला काय सांगायचे याचा विचार करणे रुग्णाला जमत नाही. म्हणून शस्त्रक्रियेच्या आठवडाभर आधी कामांची यादी करावी आणि प्रत्येक कामासमोर वार, वेळ आणि एक नाव लिहावे : रुग्णालयातून घरी कोण आणणार, पहिली रात्र सोबतीला कोण थांबणार, मुलांना शाळेत कोण सोडणार, बाजारहाट कोण करणार. ‘मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता औषधे आणून देशील का?’ असे विचारले की समोरच्याला हो किंवा नाही म्हणणे सोपे जाते आणि नकार आला तरी कोणाच्या मनाला लागत नाही.

या सगळ्याची सूत्रे एकाच विश्वासू व्यक्तीकडे द्यावीत. चौकशीचे फोन तिने घ्यावेत, व्हॉट्सअॅपवरच्या गटात प्रकृतीची खबर तिने द्यावी आणि कोणती माहिती कोणाला सांगायची हे रुग्णाने तिला आधीच सांगून ठेवावे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दुर्बिणीने सुरू केलेली शस्त्रक्रिया काही वेळा रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी पोट उघडून पूर्ण करावी लागते. तेव्हा मुक्काम आणि विश्रांती दोन्ही लांबतात, म्हणून मदतीचे वेळापत्रक सैल ठेवावे आणि दोन-तीन जणांना ‘गरज पडली तर पुढच्या आठवड्यातही येता येईल का’ असे विचारून ठेवावे.

पहिला दिवस आणि पहिल्या रात्री

पूर्ण भूल दिल्यानंतर किमान २४ तास एक जबाबदार प्रौढ व्यक्ती घरात हवीच. या काळात रुग्णाने वाहन चालवू नये, मद्य घेऊ नये आणि महत्त्वाच्या कागदांवर सह्या करू नयेत. भुलेचा अंमल पूर्ण उतरलेला नसल्याने सांगितलेले नीट लक्षात राहत नाही. म्हणून घरी सोडताना डॉक्टर आणि परिचारिका जे सांगतात, ते सोबतीच्या माणसाने ऐकून लिहून घ्यावे. पट्टी कधी काढायची, अंघोळ कधीपासून करायची, टाके विरघळणारे आहेत की काढावे लागणार आणि रात्री त्रास झाला तर कोणत्या क्रमांकावर फोन करायचा, एवढे प्रश्न तरी विचारून घ्यावेत.

औषधांची नोंद एकाच वहीत ठेवावी. सोबतीला येणारी माणसे बदलत असतील, तर हे फारच आवश्यक आहे. अनेक संयुक्त वेदनाशामक गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल असते. सकाळच्या माणसाने एक गोळी दिली आणि दुपारच्या माणसाने वेगळ्या नावाची दुसरी दिली, तर तेच औषध नकळत दुप्पट पोटात जाऊ शकते आणि त्याचा भार यकृतावर पडतो. म्हणून गोळी देण्याआधी वही पाहावी आणि दिल्यावर लगेच वेळ लिहावी.

पहिल्या दोन-तीन दिवसांत खांदा दुखू लागला की रुग्ण आणि सोबतीचा माणूस दोघेही घाबरतात. दुर्बिणीला आतले दिसावे म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरलेला असतो. त्यातला उरलेला अंश श्वासपटलाला डिवचतो आणि मज्जातंतूंच्या जोडणीमुळे ते दुखणे खांद्यात जाणवते. हळूहळू चालल्याने आणि कोमट शेकाने आराम पडतो, काही दिवसांत ते थांबते. खोकला किंवा शिंक आली तर पोटावर उशी धरून हलकेच दाबावी. अंथरुणातून उठताना सरळ उठू नये. आधी कुशीवर वळावे, पाय खाली सोडावेत आणि हाताच्या आधाराने उठावे. सोबतीच्या माणसाने हात ओढून उठवण्यापेक्षा पाठीला आधार द्यावा.

चालणे हा तर उपचाराचाच भाग आहे. अंथरुणाला खिळून राहिल्यास पायातील रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याचा धोका वाढतो आणि आतड्यांची हालचालही मंदावते. घरातल्या घरात दिवसातून चार-पाच वेळा थोडे चालावे आणि रोज थोडे अंतर वाढवावे. मित्राने भेटायला येऊन खुर्चीत बसण्यापेक्षा रुग्णाबरोबर दहा मिनिटे चालावे. माझ्या मते, भेटीचा याहून चांगला उपयोग नाही.

जेवण पाठवणाऱ्यांसाठी

पित्त यकृतात तयार होते. पित्ताशय ते फक्त साठवते, दाट करते आणि स्निग्ध अन्न आले की आतड्यात सोडते. पित्ताशय काढल्यावर पित्त आतड्यात सतत थोडे थोडे झिरपत राहते. त्यामुळे अन्न पचते, पण एकाच वेळी भरपूर तेलकट खाल्ले तर पोट फुगणे, गॅस किंवा जुलाब होऊ शकतात. प्रेमाने डबा पाठवणाऱ्या माणसाकडून इथेच चूक होते, कारण आजाऱ्याने ताकदीचे खावे म्हणून तो नेमके जड, तळलेले पदार्थ करून आणतो. पहिले काही दिवस पातळ सूप, शिजवलेल्या भाज्या, कमी तेलातले मऊ अन्न आणि चरबी कमी असलेली प्रथिने पाठवावीत. तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा लहान वाढण्या सोयीच्या होतात, म्हणून अन्न लहान डब्यांत भरून प्रत्येकावर तारीख लिहावी. काही वेदनाशामकांमुळे बद्धकोष्ठता होते. तेव्हा पाणी पुरेसे प्यावे आणि तंतुमय पदार्थ हळूहळू वाढवावेत, कारण एकदम वाढवले तर गॅस होतो. बहुतेकांना काही आठवड्यांत नेहमीचा आहार सोसू लागतो आणि जन्मभराचे पथ्य लागत नाही. जुलाब बरेच आठवडे थांबले नाहीत तर डॉक्टरांना सांगावे, त्यावर औषध असते.

ओझे उचलण्याची मर्यादा शल्यचिकित्सकांकडून नेमकी विचारून घ्यावी. सुरुवातीला ४-५ किलोपेक्षा जास्त उचलू नये असे सहसा सांगतात. पाण्याने भरलेली बादली किंवा कडेवरचे मूल या मर्यादेच्या बाहेर जाते. घरात लहान मूल असेल, तर शेजाऱ्यांची आणि नातेवाइकांची खरी गरज इथे असते. मुलाला रुग्णाच्या शेजारी बसवून द्यायला, अंघोळ घालायला, रात्री उचलून घ्यायला कोणीतरी दुसरे हात हवेत.

कशाकडे लक्ष ठेवायचे

ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर जाणे, पोटदुखी कमी होण्याऐवजी वाढत जाणे, डोळे किंवा त्वचा पिवळी होणे, लघवी गडद व शौच फिकट होणे, थांबत नसलेली उलटी, जखमेतून पू किंवा वाढता लालसरपणा यांपैकी काहीही दिसले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात फोन करावा. श्वास लागणे, छातीत दुखणे किंवा एका पोटरीला सूज येऊन ती दुखणे ही तर तातडीने रुग्णालय गाठण्याची कारणे आहेत. ही लक्षणे कागदावर लिहून दिसेल अशा ठिकाणी लावावीत. ‘रात्री कोणाला कशाला उठवायचे’ असे रुग्ण म्हणतोच. त्यामुळे सोबतीच्या माणसाने त्याचा संकोच मानू नये आणि निर्णय स्वतः घ्यावा.

एकट्या राहणाऱ्याने घराची एक किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवावी आणि सकाळ-रात्र ठरलेल्या वेळी एका मित्राला फोन करावा. फोन आला नाही तर मित्राने काय करायचे, तेही आधीच ठरवावे.

पहिल्या आठवड्यात माणसांची गर्दी असते आणि दुसरा आठवडा संपता संपता फोन थांबतात. रुग्ण मात्र अजून लवकर थकत असतो, झोप विस्कटलेली असते, ‘अजून कसे बरे वाटत नाही’ या विचाराने मन खट्टू झालेले असते. म्हणून दोन-तीन मित्रांनी मुद्दाम तिसरा आठवडा स्वतःकडे घ्यावा. भेट अर्ध्या तासाची असावी, येण्याआधी विचारावे आणि दुसऱ्या कोणाच्या बिघडलेल्या ऑपरेशनच्या कथा टाळाव्यात.

वाहन पुन्हा चालवायला लागताना गुंगी आणणारी औषधे बंद झालेली असावीत आणि अचानक ब्रेक दाबला तरी पोटात कळ येऊ नये. तोवर फेरतपासणीलाही मित्रानेच घेऊन जावे. काढलेले पित्ताशय सहसा सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीसाठी पाठवलेले असते. तो अहवाल आला का, हे त्या भेटीत आठवणीने विचारावे, त्यात काय आहे ते दोघांनी मिळून समजून घ्यावे आणि त्याची प्रत घरच्या कागदपत्रांत ठेवावी.