सरकारी कंपनीचं संचालक मंडळ कसं तपासावं : खाणीकाठच्या कास्तकारांसाठी

आमच्या वणी-चंद्रपूर पट्ट्यात खाणीबद्दल काही म्हणायचं असलं की लोक एरिया ऑफिसात जाऊन बसतात. तिथले महाप्रबंधक ऐकून घेतात, पण मोठ्या खर्चाचा निर्णय नागपूरला, वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कोळसा कंपनीच्या) संचालक मंडळात होतो. प्रकल्प वेळेत उभा राहतो की रखडतो, हे बरंचसं त्या मंडळावर असतं. मी तालुक्याच्या गावी कॉमर्स शिकवत आलो, म्हणून मंडळ कसं तपासायचं ते सांगतो.

कंपनीच्या वेबसाइटवरून वार्षिक अहवाल घ्या. नफ्याचं पान मागाहून. आधी कॉर्पोरेट गव्हर्नन्सचं प्रकरण काढा आणि संचालकांच्या यादीवर खुणा करा : पूर्णवेळ पगारी कोण, मंत्रालयाचे कोण, स्वतंत्र (म्हणजे कंपनीत नोकरी किंवा हितसंबंध नसलेले, बाहेरचे) कोण. केंद्राच्या २०१० च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पगारी संचालक निम्म्याहून जास्त नकोत, सरकारी प्रतिनिधी दोनपेक्षा जास्त नकोत. मॉयलसारखी (मँगनीज काढणारी सरकारी कंपनी) शेअर बाजारातली कंपनी असेल आणि अध्यक्षच कारभार पाहत असेल, तर निम्मे संचालक स्वतंत्र हवेत. बाजारात नसलेल्या कंपनीत किमान एक तृतीयांश.

आता रिकाम्या खुर्च्या मोजा. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. स्वतंत्र संचालक सरकारच नेमतं. एकाची मुदत संपली आणि नवा आला नाही, तर जागा तशीच पडून राहते. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १७७ प्रमाणे लेखापरीक्षण समितीत बहुसंख्य स्वतंत्र संचालक लागतात. तेच नसले, तर पैसा खर्च करणारेच हिशेब तपासायला बसतात. म्हणून प्रत्येकाच्या नेमणुकीची आणि निवृत्तीची तारीख कागदावर मांडा, मधलं अंतर बघा. मग हजेरीचा तक्ता. वर्षात किमान चार बैठका हव्यात, दोन बैठकांत १२० दिवसांहून जास्त खंड नको. वर्षभर गैरहजर राहणाऱ्या माणसाकडून आपल्या वावराचा प्रश्न कोण विचारणार?

पुढे मंडळाचे अधिकार. पहिल्या श्रेणीच्या मिनिरत्न कंपनीचं (नफ्यातल्या सरकारी कंपनीला जादा अधिकार देणारा हा दर्जा) मंडळ ५०० कोटी किंवा कंपनीचं नक्त मूल्य (मालमत्तेतून देणी वजा करून उरतं ते), यांपैकी कमी असेल त्या रकमेपर्यंतचा भांडवली खर्च सरकारला न विचारता मंजूर करू शकतं. ‘दिल्लीहून मंजुरी यायची आहे’ असं कोणी म्हटलं, तर प्रकल्पाची रक्कम विचारा. कोळशाच्या जमिनीसाठी कोळसा कायद्याखालची भूसंपादनाची अधिसूचना मात्र केंद्र सरकारच काढतं, ते वेगळं धरा.

मग नफा. एकटा पाहू नका, पाच वर्षांचं उत्पादनही शेजारी लिहा. टन तेवढेच आणि नफा दुप्पट, तर बहुतेक भाव वाढलेला असतो. त्याचं श्रेय मंडळाला देऊ नका. कॅगची (सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांची) टिप्पणी हिशेबाच्या पानांजवळ सापडेल, तीही वाचा.

शेवटी दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करा. मंडळाच्या बैठकीचं पूर्ण इतिवृत्त मागितलं तर नकार येऊ शकतो, म्हणून नेमकं विचारा : आमच्या गावाचा प्रकल्प अहवाल मंडळापुढे कोणत्या तारखेला आला, मंजूर कधी झाला, पुनर्वसनासाठी किती रक्कम धरली, त्यातली किती खर्च झाली. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, तर पहिलं अपील करा आणि अर्जाची पोच ग्रामसभेच्या वहीला जोडून ठेवा.