डिप्लोमानंतरची पहिली मुलाखत: चाकणला निघण्याआधीचा आठवडा

मेकॅनिकलचा डिप्लोमा झाला आणि चाकण किंवा रांजणगावच्या एखाद्या कारखान्यातून क्वालिटी ट्रेनीच्या (मालाची तपासणी शिकणाऱ्या उमेदवाराच्या) मुलाखतीचा फोन आला, की बरीच मुलं इंग्रजी पाठ करायला बसतात. मी अनेक वर्षं क्वालिटीत आहे, मुलाखती घ्यायलाही बसतो. इंग्रजी अडखळलं म्हणून आम्ही क्वचितच कुणाला परत पाठवलं असेल. रेझ्युमेत स्वतःच लिहिलेलं सांगता येईना, म्हणून परत गेलेली मुलं मात्र खूप पाहिली, आणि दर वेळी वाईट वाटलं. म्हणून हातात आठवडा असेल तर तो असा लावा.

पहिले दोन दिवस: रेझ्युमेची ओळ न् ओळ

प्रत्येक ओळीखाली स्वतःला तीन प्रश्न विचारा: हे काय, असंच का, आणि यात माझं काम कोणतं? समजा, प्रोजेक्टमध्ये ६२०४ बेअरिंग वापरलंय. आकड्याचा अर्थ विचारणारच. शेवटच्या ०४ ला ५ ने गुणलं की आतला व्यास २० मिमी येतो. मग पुढचा प्रश्न: त्यात बसणारा शाफ्ट (फिरणारा दांडा) २० मिमीचाच का घेतला? ‘सरांनी सांगितलं’ एवढंच उत्तर असेल तर आजच वही उघडा. प्रोजेक्ट चौघांत केला असेल तर आपला वाटा नेमका सांगा. ड्रॉइंग मी काढलं, वेल्डिंग मित्राने केलं, असं सांगण्यात काहीच कमीपणा नाही. आणि जे सॉफ्टवेअर फक्त एकदा उघडून पाहिलंय, ते रेझ्युमेतून काढून टाका.

पुढचे तीन दिवस: हात चालवा

यावर सगळ्यात जास्त वेळ द्या. टेबलावर एक पिन आणि व्हर्निअर (जबड्यांत धरून माप घ्यायची पट्टी) ठेवून ‘माप घे’ म्हणतात. जालन्याहून आलेली एक मुलगी मला अजून आठवते. तिने आधी रुमालाने जबडे पुसले, ते मिटवून उजेडाकडे धरले आणि म्हणाली, “सर, याचं शून्य जुळत नाही, एक घर पुढे आहे.” मग माप घेतलं आणि त्यातून ०.०२ मिमी वजा केले. तिथेच तिची निवड झाली. इंग्रजीत ती दोनदा अडखळली होती.

कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये जा, सरांना विनंती करा, उपकरणं हातात घ्या. नेहमीच्या व्हर्निअरचा लीस्ट काउंट (मोजता येणारं सगळ्यात लहान माप) ०.०२ मिमी, मायक्रोमीटरचा ०.०१ मिमी. मायक्रोमीटर रॅचेटनेच (टोकाच्या कटकट वाजणाऱ्या मुठीने) आवळायचा, थिंबल (फिरणारी नळी) पिळून नाही. ड्रॉइंगवर २५ एच ७ (एच ७ म्हणजे भोकाच्या मापात किती सूट चालते त्याची खूण) लिहिलं असेल तर ते भोक २५.००० ते २५.०२१ मिमीमध्ये हवं. प्लग गेजची (भोक तपासायच्या दुतोंडी दांड्याची) गो बाजू आत गेली पाहिजे, नो-गो अडली पाहिजे. दोन्ही बाजू आत गेल्या तर काय, हा प्रश्न ठरलेलाच: भोक मोठं झालंय, पीस बाजूला काढून नाकारलेल्या मालाच्या लाल डब्यात.

सहावा दिवस: स्वतःबद्दल बोलणं

‘तुमच्याबद्दल सांगा’ म्हटल्यावर वडिलांचा व्यवसाय, भावंडं, छंद यात वेळ घालवू नका. शिक्षण, प्रोजेक्ट, ट्रेनिंगमध्ये हाताने केलेलं एखादं काम. दीड मिनिटात संपवा. मोठ्याने बोलून सराव करा, घरच्यांसमोर केलात तर उत्तम. पाठ करू नका, मधला शब्द हरवला की पुढचं सगळं जातं. इंग्रजीत अडलात तर ‘सर, मराठीत सांगू का?’ असं सरळ विचारा.

आदल्या दिवशी

मूळ गुणपत्रिका, दोन झेरॉक्स संच, आधार, फोटो एका फाइलमध्ये. इस्त्रीचा साधा शर्ट आणि बंद बूट. शॉप फ्लोअर दाखवायला नेलं तर चपलेवर आत सोडत नाहीत. पुण्याहून निघणार असाल तर भोसरी-मोशीच्या ट्रॅफिकसाठी एक तास जादा धरा. गेटवर नोंद, पास यातही वेळ जातो.

खोलीत

उत्तर येत नसेल तर ‘येत नाही, पण बहुधा असं असावं’ म्हणून विचार करून दाखवा. रात्रपाळी जमणार नसेल तर आत्ताच सांगा.

शेवटी ‘काही विचारायचंय?’ म्हणतील. तेव्हा गप्प बसू नका. कंपनीच्या रोलवर (थेट कंपनीचा कर्मचारी म्हणून), कॉन्ट्रॅक्टरमार्फत की अप्रेंटिस म्हणून घेणार, हे विचाराच. अप्रेंटिसला स्टायपेंड मिळतो, पीएफ कापला जात नाही आणि मुदत संपल्यावर कायम करतीलच असं नाही. सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च) आणि हातात येणारी रक्कमही वेगळी असते. महिना सीटीसी २०,००० आणि बेसिक १२,००० धरा. त्यातून वजा होतात: कंपनीचा आणि तुमचा पीएफ प्रत्येकी १,४४०, ग्रॅच्युइटीपोटी साधारण ५७७, व्यवसाय कर २०० (एवढ्या पगारावर मुलींना तो लागत नाही). ईएसआय (कामगार आरोग्य विमा) लागू असेल तर तोही. हातात सोळा हजारांच्या आसपास येतात. खोलीभाडं आणि मेसचा हिशेब यावरच मांडा.

गणवेश, डिपॉझिट किंवा ‘फाइल चार्ज’ म्हणून कुणी पैसे मागितले तर एक रुपयाही देऊ नका, तिथून उठून या.

बाहेर पडलात की गेटजवळच पाच मिनिटं थांबा आणि न आलेले प्रश्न वहीत उतरवा. घरी पोहोचेपर्यंत त्यातले निम्मे विसरलेले असतात, आणि पुढच्या कंपनीत बहुतेक तेच विचारतात.