गावात जाऊन ‘पर्यावरण’ करताय? मग या चुका टाळा

मुंबईहून शहापूर, मुरबाड, कर्जत, जव्हारकडे झाडं लावायला, बंधारे बांधायला आणि मुलांना निसर्ग शिकवायला जाणारे गट दरवर्षी वाढतात. चुका मात्र त्याच राहतात. बहुतेकांचं मूळ एकच: कामाचं वेळापत्रक मुंबईच्या सोयीने ठरतं. रविवार, पाऊस आणि फोटो.

जुलैत वृक्षारोपण

जुलै म्हणजे आवणी, भाताची लावणी. गावातलं धडधाकट माणूस त्या दिवसांत गुडघाभर चिखलात असतं, आणि नेमकं तेव्हाच आपण बस भरून जातो. वर ‘गावाचा सहभाग नव्हता’ म्हणून तक्रारही करतो.

शहापूर तालुक्यातल्या एका उतारावर एका कंपनीच्या गटाने जुलैच्या रविवारी हजार रोपं लावली. खड्डे त्याच दिवशी, ओल्या मातीत, टिकावाच्या चार घावांत खणलेले. घाई एवढी की कित्येक रोपं काळ्या पिशवीसकट जमिनीत गेली. ऑगस्टच्या फोटोत टेकडी हिरवीगार दिसली आणि अहवाल तिथेच संपला. सप्टेंबरात गवत छातीला लागलं, रोपं त्यात दिसेनात. भात कापून झालं, दिवाळी आटोपली आणि गुरं मोकाट सुटली. ही इथली रीतच आहे, गुराख्याचा त्यात काही दोष नाही. शेळ्यांनी शेंडे खाल्ले. उरलंसुरलं फेब्रुवारीच्या वणव्यात गेलं. पुढच्या जूनला तिथे उभे होते फक्त फलकाचे दोन लोखंडी खांब. त्याच गटाने मग आणखी हजार रोपांची मागणी पाठवली!

हे टाळायचं तर खड्डे एप्रिल-मेमध्येच घ्या. दीड फूट लांब, तेवढाच रुंद, तेवढाच खोल. वरची काळसर माती वेगळी ठेवा, खड्डा तीन-चार आठवडे उन्हात तापू द्या. मग तीच माती आणि दोन घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत घालून पावसाआधी भरून टाका. ताजं शेण नको, वाळवीला आमंत्रण मिळतं. लागवड जूनच्या उत्तरार्धात करा, जमीन वीतभर ओली झाल्यावर. भाताची पेरणी उरकून आवणी सुरू व्हायच्या आधी आठ-दहा दिवसांची फट मिळते, ती गाठायची. पिशवी ब्लेडने उभी चिरून काढा आणि तळाशी गुंडाळलेली मुळं छाटा. ती तशीच राहिली तर झाड दोन-तीन वर्षं बरं वाढतं आणि मग वाऱ्यात कलंडतं.

खरं काम इथून पुढे आहे. ऑगस्टात एकदा आणि सप्टेंबरअखेर एकदा प्रत्येक रोपाभोवती हातभर अंतरातलं गवत काढा. तेच गवत आळ्यात पसरा, पण खोडाला टेकवू नका. दिवाळीआधी काटेरी फांद्यांचं कुंपण झालं पाहिजे. नोव्हेंबर-डिसेंबरात, गवत अर्धवट वाळलेलं असताना, लागवडीभोवती किमान तीन मीटर रुंदीची जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारा बिनगवताचा पट्टा, काढा. आम्ही गवत कापून बाहेर वाहून नेणंच पसंत करतो. जाळायचंच असेल तर वनखात्याला कळवून, गावातली अनुभवी माणसं सोबत घेऊन, सकाळी वारा नसताना.

आणि पाणी. शंभर रोपांना प्रत्येकी दहा लिटर म्हणजे एका पाळीला हजार लिटर. पंधरा लिटरच्या हंड्याने मोजलं तर सहासष्ट-सदुसष्ट हंडे. जानेवारी ते मे अशा पंधरवड्याला एक तरी पाळी लागते. हे हंडे कोणाच्या डोक्यावरून येणार, ते लागवडीआधी ठरवा. तानसा आणि भातसाचं पाणी मुंबईला जातं आणि त्याच शहापूर तालुक्यातले पाडे एप्रिलात टँकरची वाट बघतात. तिथल्या बायकांकडून झाडांसाठी फुकट पाणी मागायला जीभ कशी रेटते, कळत नाही. टँकरचे पैसे अंदाजपत्रकात धरा. ते परवडत नसेल तर शंभरऐवजी तीसच रोपं लावा. आकडा हवाच असेल, तर पुढच्या जूनला जिवंत किती ते मोजून सांगा.

कुठली झाडं

ऐन, हिरडा, बेहडा, मोह, करंज, आपटा. गुलमोहर मादागास्करचा, गिरिपुष्प मध्य अमेरिकेचं. रोपवाटिकेत स्वस्त मिळतात म्हणून टेकडीवर नेऊ नका. आणि प्रत्येक उघडी जमीन ‘ओसाड’ नसते. कातळसड्यांवर (खडकाळ पठारांवर) आणि गवताळ माळांवर झाडं लावणं म्हणजे तिथली पावसाळी फुलं आणि गुरांचं गवत, दोन्ही घालवणं.

बीजगोळे, म्हणजे बिया घालून वळलेले मातीचे गोळे, गाडीतून फेकणाऱ्यांसाठी एकच वाक्य: मे-जूनमध्ये खाल्लेल्या जांभळाची बी काही आठवड्यांतच मरते आणि बहाव्याची टणक बी कवच खरवडल्याशिवाय सहसा रुजत नाही, त्यामुळे दोघींना एकाच मातीत वळून घाटात भिरकावण्याने फार तर हात मळतात.

वनराई बंधारा जानेवारीत

प्रजासत्ताक दिनाला जोडून सुट्टी आली की वनराई बंधाऱ्याची, म्हणजे मातीच्या गोण्या रचून ओहोळ अडवणाऱ्या कच्च्या बांधाची, आठवण होते. ठाणे-पालघरचे लहान ओहोळ तोवर आटलेले असतात. बंधारा ऑक्टोबर-नोव्हेंबरात, धार बारीक पण वाहती असताना घाला.

सिमेंटच्या रिकाम्या गोण्या पाऊणच भरा. गच्च भरलेली गोणी गोल होते आणि फटी राहतात. तळातला पालापाचोळा आणि सुटे दगड काढून कठीण मुरूम लागेपर्यंत साफ करा, नाहीतर पाणी खालून निघून जातं. गोण्या विटांसारख्या सांधेमोड करून रचा. दोन भिंतींमध्ये फूटभर जागा ठेवून तीत चिकणमाती तुडवून भरा. भरायची माती काठ खरवडून घेऊ नका. दोन्ही टोकं काठात घुसली पाहिजेत आणि मधला भाग एका गोणीने खाली असला पाहिजे. हे विसरलं की पाणी बाजूने वाट काढतं आणि कुणाच्या तरी बांधाला खिंडार पडतं. उंची मीटरभर पुरे. पाच-सहा मीटर रुंद ओहोळाला दोनशेच्या आसपास गोण्या लागतात. मेअखेर त्या काढून घ्यायला परत यायचं असतं, नाहीतर उन्हाने भुगा झालेलं प्लास्टिक पहिल्या पुरात खालच्या भातखाचरांत जातं. बांधायला साठजण येतात, काढायला चार.

पाड्यावरच्या शाळेत भाषण

वारली, ठाकर, कातकरी मुलांना ‘झाडे लावा’ची चित्रफीत दाखवू नका. शेवळं ही रानभाजी पहिल्या पावसात कुठे उगवते आणि खाज जावी म्हणून तिच्यात काकडाची फळं का घालतात, हे त्या मुलांना ठाऊक असतं, शिकवणाऱ्याला नसतं. ‘फांद्या तोडू नका’ हे तर मुळीच सांगू नका. राबासाठी, म्हणजे भाताची रोपं करायची जमीन भाजायला, ऐनाच्या फांद्या छाटतात आणि ऐन पुन्हा फुटतो. मूल घरी जाऊन बापाला गुन्हेगार समजायला लागलं, तर गावाने पुढच्या वेळी तुम्हाला दारात का उभं करावं?

त्याऐवजी शाळेपासून दोनशे पावलांत पाच झाडं निवडा. दर पंधरा दिवसांनी मुलांनी वहीत लिहायचं: पालवी, फूल, फळ, पानगळ, कोणता पक्षी आला. नाव मुलांच्या बोलीतलं आधी, पुस्तकी नाव नंतर. वर्षभराने त्या वहीत जे जमतं ते गावाच्या लोक जैवविविधता नोंदवहीलाही, म्हणजे गावातल्या झाडं-प्राण्यांच्या अधिकृत नोंदीलाही, कामी येतं. साप मात्र हातात धरून दाखवू नका, बिनविषारीसुद्धा. एखादा मुलगा दुसऱ्या दिवशी घोणशीला हात घालतो.

परवानगी कोणाची

सरपंचाचा फोन म्हणजे परवानगी नव्हे. शहापूर, जव्हार, मोखाडा अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रात येतात. अशा क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६चा पेसा कायदा आणि राज्याचे २०१४चे नियम यांमुळे तिथे पाड्याचीही स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते. जमीन वनखात्याची, गायरान की कुणाच्या वनहक्क दाव्यातली, ते सातबारा बघून आणि पाड्यावर विचारून ठरवा. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाची घोषणा जुनी आहे. शहरातल्या गटांच्या कानावर अजून गेलेली दिसत नाही. ग्रामसभेची तारीख गाव ठरवतं. ती बहुधा रविवार नसते. सुट्टी टाका.