सीमाभागातील मुलामुलींनी रायफल नेमबाजीची सुरुवात कशी करावी

राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स (गुडघ्यावर बसून, पालथे झोपून आणि उभे राहून नेम धरण्याच्या) प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्याआधी २०१० मध्ये कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत म्युनिक येथे ५० मीटर प्रोन (पालथे झोपून नेम धरण्याच्या) प्रकारात जगज्जेत्या झाल्या होत्या. निपाणी, चिकोडी, खानापूर आणि बेळगावच्या घरांना ही माणसे परकी वाटत नाहीत. म्हणूनच आपल्या मुलालाही रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सराव-मैदानावर, पाठवावे, असे येथील पालकांना वाटू लागले, तर ते स्वाभाविकच आहे. मात्र अशा वेळी पहिला विचार रायफल विकत घेण्याचा होतो, आणि माझ्या मते तोच सर्वांत शेवटी व्हायला हवा.

सुरुवात १० मीटर एअर रायफलने करावी. या रायफलीचा छर्रा ४.५ मिलिमीटरचा असतो आणि लक्ष्याच्या मधला दहाचा ठिपका केवळ अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो. एका वर्तुळापासून पुढच्या वर्तुळापर्यंतचे अंतर अडीच मिलिमीटर आहे, म्हणजे नेम तेवढा सरकला की एक पूर्ण गुण जातो. पात्रता फेरीत ७५ मिनिटांत ६० फैरी झाडायच्या असतात. गुण दशांशात मोजतात, त्यामुळे प्रत्येक फैरीला जास्तीत जास्त १०.९ या हिशोबाने कमाल गुण ६५४ होतात, आणि आंतरराष्ट्रीय स्तरावर टिकायचे तर ६३० च्या आसपास पोहोचावे लागते. हा हिशोब पालकांनी आधीच समजून घेतला, तर ‘अजून दहा का लागत नाही’ असा तगादा ते मुलामागे लावणार नाहीत.

पहिले वर्ष शरीर घडवण्यात घालवावे. साडेपाच किलोपर्यंत वजनाची रायफल हाताच्या स्नायूंवर पेलली, तर हात थरथरणारच. म्हणून उजव्या हाताच्या नेमबाजाने डावे कोपर कमरेच्या हाडावर टेकवून भार थेट पायांपर्यंत पोहोचू द्यायचा असतो. उभे राहण्याची ही पद्धत पाठीवर ताण आणते, त्यामुळे पाठ, पोट आणि मांड्यांचे व्यायाम रोज करावेत. पवित्रा बरोबर आहे का, हे तपासण्यासाठी लक्ष्याकडे रायफल धरून डोळे मिटावेत, दोन-तीन श्वास घ्यावेत आणि मग डोळे उघडावेत; रायफल बाजूला सरकलेली दिसली, तर ती हातांनी ओढून न आणता पायांची जागा बदलावी. श्वास अर्धा सोडून थांबल्यावर काही सेकंदांत फैर सुटली नाही, तर रायफल खाली घ्यावी. हे खाली घेणे शिकायला फार वेळ लागतो, पण चांगला नेमबाज त्यावरूनच ओळखावा. ट्रिगर दाबल्यावरही क्षणभर तसेच नेमात राहावे. घरी छर्र्याविना केलेला सराव, म्हणजे ड्राय फायरिंग, रेंजवरच्या सरावाइतकाच मोलाचा आहे, आणि त्याला पैसे लागत नाहीत. दररोजच्या नोंदी वहीत लिहाव्यात. गुणांपेक्षा फैर कशी सुटली, हे लिहिणे अधिक उपयोगाचे.

आपल्याकडच्या पावसाळ्याचा विचार वेगळा करावा लागतो. हवेतील दमटपणा रायफलीच्या पोलादाला गंज चढवतो, म्हणून सरावानंतर ती कोरडी पुसून ठेवावी आणि छर्रा ढकलणारी दाबाखालची हवा ज्यात असते, त्या रायफलीच्या सिलिंडरमध्ये कोरडी हवाच भरून घ्यावी. सिलिंडरची मुदत निर्मितीपासून दहा वर्षे असते. जुनी रायफल विकत घेताना त्यावरील तारीख वाचल्याशिवाय व्यवहार करू नये. छर्रे शिशाचे असतात, त्यामुळे हात साबणाने धुतल्याशिवाय खाऊ नये.

सीमाभागातील खरी अडचण कागदपत्रांत आहे. कोल्हापूरला जाऊन प्रशिक्षण घेणे निपाणीच्या मुलाला सोयीचे असते, परंतु कर्नाटकातील रहिवाशाचा मार्ग कर्नाटक राज्य रायफल संघटनेमार्फत राष्ट्रीय रायफल संघटनेपर्यंत जातो. म्हणून कोणत्या राज्याकडून खेळायचे, हे रहिवासाच्या पुराव्यानुसार पहिल्या स्पर्धेआधीच ठरवावे. शाळेचा दाखला, जन्मदाखला आणि आधार यांवर नावाची व आडनावाची स्पेलिंगे एकसारखी करून घ्यावीत, कारण कन्नड आणि मराठी उच्चारांमुळे त्यांत हमखास फरक पडतो. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी एनसीसीचा मार्गही पाहावा, तेथे .२२ बोअरची रायफल हाताळण्याची संधी स्वतःचा परवाना न काढता मिळते.

पुढे याच खेळावर पोट भरायचे असेल, तर रेल्वे, पोलीस आणि सैन्यदल ही ठिकाणे खेळाडूंना नोकरी देतात. कुसाळे स्वतः मध्य रेल्वेत नोकरीला होते, आणि सैन्याचे निवडक नेमबाज मध्य प्रदेशातील महू येथील आर्मी मार्क्समनशिप युनिट या सैन्याच्या नेमबाजी प्रशिक्षण केंद्रात घडतात. भरतीच्या जाहिरातीत कोणत्या स्तरावरचे कोणते स्थान ग्राह्य धरले जाते, हे प्रत्येक वेळी वाचावे, आणि शालेय स्पर्धांपासूनची सर्व प्रमाणपत्रे मूळ प्रतींसह एका फाइलमध्ये सांभाळावीत. शिक्षण मात्र सोडू नये, कारण पदवी असलेल्या खेळाडूला वरच्या पदांसाठीही अर्ज करता येतो.