चिनी पीडीएफमधली गायब अक्षरं

झीलाटेक (टेक या अक्षरजुळणी प्रणालीचं एक रूप) आणि चिनी मजकुरासाठीचं सीटेक्स पॅकेज वापरून चिनी लेख जुळवला. पीडीएफ बिनतक्रार तयार झाली, पण काही व्यक्तिनावांत मधलंच अक्षर गायब! कारण टेकच्या कामाची नोंद ठेवणाऱ्या लॉग फाइलमध्ये दडलं होतं: ‘मिसिंग कॅरॅक्टर’, म्हणजे अक्षर सापडलं नाही. आपोआप निवडलेल्या फाँटमध्ये ती दुर्मिळ अक्षरं नव्हतीच. टेक अशा वेळी थांबत नाही, तसंच पुढे जातं. कुणाचं नाव अर्धवट छापलं जाणं मला तरी चालत नाही. मुख्य चिनी फाँट ठरवणाऱ्या सेट-सीजेके-मेनफाँट या कमांडने नोटो सेरिफ सीजेके एससी हा फाँट लावला आणि अक्षरं उमटली. शिवाय ट्रेसिंग-लॉस्ट-कॅर्स या सेटिंगची किंमत 3 केली; टेक लाइव्ह या टेकच्या संचाच्या 2021 आवृत्तीपासून अशाने अक्षर नसलं की थेट एरर येते. तिरप्या अक्षरांच्या जागी काइती या चिनी अक्षरशैलीचा फाँट दिला, कारण चिनी छपाईत तिरपी अक्षरं फारशी वापरत नाहीत.